आरसी ट्रकचे शॉक: निवड, भरणी आणि जुळवणी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पुढील उत्तरे मुख्यतः १/१० प्रमाणातील, सुटे भाग मिळणाऱ्या हौशी दर्जाच्या आरसी (रेडिओ कंट्रोलने दूरून चालवायच्या) ट्रकसाठी आहेत. जेथे उदाहरणाची गरज पडली तेथे ट्रॅक्सस कंपनीचा टू व्हील ड्राइव्ह स्लॅश घेतला आहे. २००८ साली आलेला हा शॉर्ट कोर्स (उड्यांच्या कच्च्या ट्रॅकवरील शर्यतींच्या धर्तीचा) ट्रक पुष्कळांचा पहिला ट्रक असतो आणि त्याची शॉकची रचना समजली की इतर ट्रकची समजायला वेळ लागत नाही. दगडांवर चढणाऱ्या क्रॉलरचे गणित वेगळे असल्याने त्याचा विचार स्वतंत्र प्रश्नात केला आहे.

१. शॉक नेमके कोणते काम करतो?

दोन कामे आहेत आणि ती दोन वेगळे भाग करतात. ट्रकचे वजन स्प्रिंग पेलते आणि खड्ड्यात गेलेले चाक परत खाली ढकलण्याचे कामही तीच करते. आत भरलेले सिलिकॉन तेल वजन अजिबात पेलत नाही. पिस्टनच्या बारीक छिद्रांतून ते इकडून तिकडे जाताना जो अडथळा होतो, त्यामुळे चाकाच्या हालचालीचा वेग आवरला जातो आणि उसळीची ऊर्जा उष्णतेत जाते. स्वस्त खेळण्यांच्या ट्रकमध्ये शॉकसारखी दिसणारी नळी असते, पण तिच्यात तेल नसते, म्हणून तो ट्रक एका उंचवट्यावरून गेला की तीन-चार वेळा डुचमळत राहतो. स्प्रिंग वजनासाठी आणि तेल वेगासाठी, एवढे पक्के ध्यानात असले तर पुढील निम्म्या प्रश्नांची उत्तरे आपली आपल्यालाच सुचतात. जुळवणीतल्या बहुतेक फसगती एकाचे काम दुसऱ्याकडून करून घेण्याच्या प्रयत्नातून होतात.

२. ट्रकसोबत आलेले शॉक लगेच बदलावेत का?

नाही. स्लॅशसोबत येणारे प्लास्टिकचे अल्ट्रा शॉक कारखान्यातून ३० वेट (वेट म्हणजे तेलाच्या दाटपणाचा आकडा) सिलिकॉन तेल भरून येतात आणि साध्या वापरासाठी ते पुरेसे आहेत. मात्र कारखान्यात भरलेले चारही शॉक सारखे असतीलच असे नाही. ट्रक नवा असतानाच चारही शॉक सोडवून, स्प्रिंग काढून, हाताने एकेक दाबून पाहावा. एकात अडथळा जास्त, दुसऱ्यात कमी, तिसऱ्यात मध्येच पोकळ जागा लागल्यासारखे वाटत असेल, तर नव्या शॉकवर पैसे घालण्याऐवजी तेलाची एक बाटली आणि ओ-रिंगचा (रॉडभोवती तेल अडवणाऱ्या रबरी कड्यांचा) एक संच आणावा. नीट भरलेला साधा शॉक हा निष्काळजीपणे भरलेल्या महागड्या शॉकपेक्षा केव्हाही चांगला चालतो.

बदलण्याची वेळ येते ती तीन कारणांनी. उंच उड्यांनंतर टोपण निसटू लागते किंवा त्याचे आटे जातात. रॉड (पिस्टनला जोडलेली दांडी) वाकतो किंवा ओरखडतो आणि ओ-रिंग बदलूनही गळती थांबत नाही. किंवा ट्रकचे वजन आणि वेग मूळ रचनेपेक्षा खूप वाढवलेले असतात. यांपैकी काहीच नसेल तर थांबावे.

३. प्लास्टिकची नळी चांगली की ॲल्युमिनियमची?

ॲल्युमिनियमचे खरे फायदे आटे आणि गोलाई हे आहेत. टोपण घट्ट बसते, नळी आतून एकसारखी गोल राहते, त्यामुळे पिस्टन कुठे सैल तर कुठे घट्ट होत नाही, आणि स्प्रिंगची बैठक फिरवून अर्धा-अर्धा मिलिमीटर वर-खाली करता येते. प्लास्टिकच्या शॉकवर हेच काम खाचेत बसणाऱ्या चकत्या घालून होते, आणि चकतीच्या जाडीपेक्षा बारीक फरक करता येत नाही. दुसऱ्या बाजूने पाहिले तर प्लास्टिक हलके असते, आपटले तर थोडे लवते आणि फुटले तर स्वस्तात बदलते.

बाजारात चकचकीत रंगाचे, कुठल्याही ट्रकला बसतील असे सांगून विकले जाणारे ॲल्युमिनियमचे शॉक भरपूर आहेत. त्यांतील कित्येक जवळजवळ कोरडेच येतात, पिस्टन नळीत सैल असतो आणि ओ-रिंगचे माप कशाशीच जुळत नाही. ज्या शॉकचे सुटे रॉड, पिस्टन आणि ओ-रिंग वेगळे विकत मिळत नाहीत, तो घेऊ नये, मग तो कितीही देखणा असो. सुटे भाग मिळणे हा निकष धातूच्या दर्जापेक्षाही आधी पाहावा असे आमचे मत आहे.

४. नवा शॉक घेताना लांबी कशी ठरवावी?

शॉक पूर्ण ताणून वरच्या बोल्टच्या छिद्राच्या मध्यापासून खालच्या छिद्राच्या मध्यापर्यंत अंतर मोजावे. ही त्याची लांबी. मग स्प्रिंग काढून तो पूर्ण दाबून तेच अंतर पुन्हा मोजावे. दोन्ही आकड्यांतील फरक म्हणजे त्याची चाल. पुढचे आणि मागचे शॉक वेगळ्या लांबीचे असू शकतात. स्लॅशमध्ये मागचे जास्त लांब आहेत, त्यामुळे चारही एकाच मापाचे मागवल्यास पंचाईत होते.

लांबी जुळली म्हणून काम संपत नाही. नवा शॉक स्प्रिंगशिवाय बसवावा आणि आर्म (चाक धरणारा, वर-खाली हलणारा दांडा) हाताने अगदी वरपर्यंत उचलावा. चासीचा (ट्रकच्या सांगाड्याचा) तळ टेबलाला टेकण्याआधीच शॉक आतून पूर्ण दाबला जात असेल, तर प्रत्येक मोठ्या उडीचा मार पिस्टन, रॉड आणि टॉवर (शॉकचे वरचे टोक जेथे बसते तो भाग) यांवर बसेल. आर्म खाली सोडल्यावर मागच्या चाकांचे ड्राइव्हशाफ्ट (चाके फिरवणारे दांडे) फार तिरके होऊन अडकत असतील, तर शॉक जास्त लांब आहे. अशा वेळी पिस्टनच्या खाली, रॉडवर, आतून एखादी छोटी नळी घालून चाल कमी करता येते.

५. ब्लॅडर असलेला शॉक आणि इमल्शन शॉक यांत काय फरक आहे?

शॉक दाबला की रॉड आत शिरतो आणि तेवढी जागा व्यापतो. ३ मिलिमीटर जाडीचा रॉड ३० मिलिमीटर आत गेला तर सुमारे ०.२१ मिलिलिटर जागा लागते. तेल दाबून लहान होत नाही, त्यामुळे ही जागा कुठून तरी मिळायला हवी. ब्लॅडरच्या शॉकमध्ये टोपणाखाली रबराची लवचीक वाटी असते. ती दबते आणि जागा देते. तेल आणि हवा वेगळी राहत असल्याने पहिल्या फेरीपासून शेवटपर्यंत शॉक एकसारखा चालतो.

इमल्शनच्या शॉकमध्ये वाटी नसते. आत मुद्दाम थोडी हवा ठेवलेली असते, ती चालताना तेलात मिसळते आणि फेसाळ मिश्रण तयार होते. असा शॉक थोडा वेळ चालल्यावर स्थिर होतो, म्हणून ट्रक उभा राहून राहून थंड झाला असेल तर तपासणीपूर्वी तो दहा-बारा वेळा दाबून घ्यावा. बांधायला तो सोपा आहे आणि फाटणारा एक भाग कमी आहे. हवाच ठेवली नाही तर मात्र शॉक मध्येच दगडासारखा अडतो, आणि जोर लावला तर टोपण किंवा ओ-रिंग निकामी होते.

६. स्प्रिंग कोणती निवडावी?

प्रथम ट्रक ज्या वजनाने चालणार आहे त्या वजनाने तयार करावा: बॅटरी आत, बॉडी वर, चिखलापासून बचावाचे आवरण लावणार असाल तर तेही. बॅटरी २एस (दोन सेलची) ऐवजी ३एस (तीन सेलची) घातली तरी वजनात शंभरेक ग्रॅमचा फरक पडू शकतो आणि तो बहुतेक एका बाजूला पडतो.

स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने बदलतो. बाकी सगळे सारखे ठेवून तार १.२ मिलिमीटरवरून १.३ केली तर स्प्रिंग सुमारे ३८ टक्के कडक होते, आणि हा फरक डोळ्याला दिसतही नाही. म्हणून दोन स्प्रिंग शेजारी ठेवून अंदाज करू नये; तार व्हर्नियरने मोजावी, वेढे मोजावेत किंवा पाकिटावरचा आकडा पाहावा. रंगावर तर मुळीच जाऊ नये, कारण एका कंपनीची पिवळी स्प्रिंग नरम असते तर दुसरीची कडक. वेढे कापून स्प्रिंग लहान केली की ती नरम होते असा एक समज आहे. प्रत्यक्षात ती कडक होते. आठ चालते वेढे असतील आणि एक कापला, तर कडकपणा सुमारे १४ टक्क्यांनी वाढतो आणि कापलेले टोक बैठकीत तिरके बसते ते वेगळेच.

कच्च्या, खडबडीत जागेसाठी नरम स्प्रिंगपासून सुरुवात करावी आणि गरज पडेल तसे कडक व्हावे. सपाट, पकड चांगली असलेल्या जागेवर उलट क्रम चालतो.

७. प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) वाढवला की स्प्रिंग कडक होते ना?

होत नाही. हा सर्वांत चिवट गैरसमज आहे. बैठक खाली फिरवल्याने किंवा चकती घातल्याने ट्रक उंच होतो, पण स्प्रिंग आणखी एक मिलिमीटर दाबायला पूर्वी जेवढा जोर लागत होता तेवढाच आताही लागतो. प्रीलोड हे ट्रकची उंची ठरवण्याचे साधन आहे. हवी ती उंची मिळवण्यासाठी चकत्यांवर चकत्या घालाव्या लागत असतील, तर स्प्रिंग त्या वजनाला नरम आहे असे समजून पुढची कडक स्प्रिंग घ्यावी. उलट, बैठक अगदी वर नेऊनही ट्रक ताठ उभा राहत असेल आणि वजन टाकल्यावर हलतच नसेल, तर स्प्रिंग जास्त कडक आहे.

८. ट्रकची उंची किती ठेवावी?

ट्रक सपाट जमिनीवर ठेवून वीतभर उंचीवरून सोडावा, दोन-तीन वेळा दाबून मोकळा करावा आणि मग पाहावे. मागचे ड्राइव्हशाफ्ट जमिनीला समांतर आणि पुढचे आर्म साधारण आडवे, ही बहुतेक शॉर्ट कोर्स ट्रकसाठी चांगली सुरुवात आहे. मोकळ्या मैदानात, दगडगोट्यांत चालवायचे असेल तर काही मिलिमीटर वर जावे. गुळगुळीत ट्रॅकवर काही मिलिमीटर खाली यावे.

या उंचीपासून चाकाला खाली लोंबायलाही जागा हवी. प्रीलोड इतका असेल की ट्रक उभा असतानाच शॉक पूर्ण ताणलेले आहेत, तर खड्ड्यावरून जाताना चाक खाली उतरू शकत नाही आणि संपूर्ण ट्रकच खड्ड्यात पडतो. खूप उंच ठेवलेला ट्रक वळणावर सहज उलटतो, हे वेगळे सांगायला नको.

९. तेलाच्या बाटलीवरील ‘वेट’ आणि ‘सेंटिस्टोक’ यांपैकी कोणावर विश्वास ठेवावा?

सेंटिस्टोकवर, कारण ते तेलाच्या दाटपणाचे प्रमाणित एकक आहे. वेटचा आकडा प्रत्येक कंपनी आपापल्या मापाने देते. असोसिएटेडचे ३० वेट सुमारे ३५० सेंटिस्टोकचे आहे, तर लोसीचे ३० वेट ३३८ सेंटिस्टोकचे. म्हणजे लोसीचे किंचित पातळ. ४० वेटला मात्र उलटते: असोसिएटेडचे ५०० आणि लोसीचे ५१६. हे फरक लहान आहेत, पण पुढे दोन कंपन्यांची तेले एकाच ट्रकमध्ये आली की डावा-उजवा शॉक वेगळा वागू लागतो आणि कारण सापडत नाही. एकदा एक कंपनी निवडावी आणि तिचीच दोन-तीन मापे जवळ ठेवावीत.

सुरुवातीसाठी ३० वेट पुरेसे आहे. कडक स्प्रिंगला दाट तेल लागते, कारण जोराने परतणारी स्प्रिंग आवरायला अडथळाही तेवढाच हवा. एका वेळी पाच वेटपेक्षा मोठी उडी घेऊ नये.

१०. घरातील दुसरे एखादे तेल चालेल का?

नाही. स्लॅशच्या माहितीपुस्तिकेत शंभर टक्के सिलिकॉन तेलच वापरावे असे स्पष्ट सांगितले आहे आणि त्याला कारण आहे. खनिज तेले उष्णतेने फार झपाट्याने पातळ होतात आणि काही प्रकारचे रबर त्यांत फुगते. मोटरसायकलच्या फोर्कच्या तेलावर असलेला वेटचा आकडा आरसीच्या आकड्याशी जुळत नाही. खोबरेल तेलाबद्दलही कोणीतरी विचारतेच: ते सुमारे २४ अंश सेल्सिअसखाली गोठू लागते, त्यामुळे डिसेंबरच्या सकाळी शॉकऐवजी काठ्या लावल्यासारखा ट्रक चालेल.

११. पिस्टनच्या छिद्रांना एवढे महत्त्व का दिले जाते?

तेलाचा दाटपणा आणि छिद्रांचा आकार दोन्ही मिळून अडथळा ठरतो. दोन छिद्रे १.६ मिलिमीटरऐवजी १.७ मिलिमीटरची केली तर त्यांचे क्षेत्रफळ सुमारे १३ टक्क्यांनी वाढते, आणि तेलाच्या वहनावर होणारा परिणाम त्याहूनही जास्त असतो. मग प्रश्न असा येतो की लहान छिद्रे आणि पातळ तेल, की मोठी छिद्रे आणि दाट तेल, कारण टेबलावर हाताने हळू दाबले तर दोन्ही सारखीच लागतात.

फरक कळतो तो मोठ्या उडीनंतर ट्रक जमिनीवर येतो तेव्हा. पिस्टन अचानक वेगाने सरकतो, लहान छिद्रांतून तेल त्या वेगाने जाऊ शकत नाही, प्रवाह खळबळतो आणि शॉक क्षणभर जणू बंद होतो. आरसीवाले याला ‘पॅक’ म्हणतात. पॅक जास्त असलेला ट्रक उंच उडीनंतर तळ जमिनीला आपटू देत नाही, पण छोट्या, लागोपाठच्या खड्ड्यांवर वेगाने जाताना तोच ट्रक थरथरतो आणि चाके जमीन सोडतात. मोठी छिद्रे आणि दाट तेल असेल तर उलट घडते: खडबडीत जागी चाके जमिनीला चिकटून राहतात, पण मोठ्या उडीवर चासी टेकते. ज्याच्याकडे उड्यांचा रॅम्प आहे त्याने पहिली जोडी घ्यावी; शेतातल्या ढेकळांतून, खडीच्या रस्त्यावरून चालवणाऱ्याने दुसरी.

छिद्रे घरी ड्रिलने मोठी करणे शक्य असते, पण चारही पिस्टनची छिद्रे सारखी व्हावी लागतात आणि कड्यांवर प्लास्टिकची कुसळे राहिली तर शॉक मध्येच अडतो. वेगवेगळ्या मापांचे पिस्टन विकत मिळत असतील तर तेच घ्यावेत.

१२. उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात तेल बदलावे लागते का?

सिलिकॉन तेल इतर तेलांपेक्षा तापमानाला कमी बदलते, पण बदलते. बाटलीवरील सेंटिस्टोक साधारणपणे २५ अंश सेल्सिअसचे असतात. नागपुरात किंवा चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना तेच तेल सुमारे एक चतुर्थांश ते एक तृतीयांश पातळ झालेले असते, म्हणजे ३० वेट भरलेला शॉक २५ वेटसारखा वागतो. शिवाय शॉक स्वतः काम करताना तापतो. अशा ठिकाणी उन्हाळ्यात पाच वेट वर जाणे योग्य ठरते. थंडीत पहाटे चालवताना ट्रक ताठ वाटत असेल तर पाच वेट खाली यावे. मुंबई किंवा पणजीसारख्या किनाऱ्यावरील शहरांत वर्षभरात तापमान फार हलत नाही. तेथे ऋतूनुसार तेल बदलण्याची धडपड बहुधा वाया जाते.

१३. शॉक भरण्याची योग्य पद्धत कोणती?

शॉक पूर्ण सोडवून जुने तेल काढावे. तेल काळसर करडे झाले असेल तर घाबरू नये. ते नळीच्या आणि पिस्टनच्या झिजेचे सूक्ष्म कण आहेत. नळी आणि रॉड मऊ कापडाने पुसून घ्यावेत. रॉडवर नख हलकेच फिरवावे. जेथे नख अडते तेथे ओरखडा आहे आणि तोच ओ-रिंग कापणार आहे. रॉडला पकडीने कधीही थेट धरू नये. त्यासाठी विशेष पक्कड मिळते. ती नसेल तर जाड चामड्याचा तुकडा गुंडाळून धरावा. नव्या ओ-रिंगना बसवण्यापूर्वी ग्रीन स्लाइमसारखे वंगण किंवा तेच सिलिकॉन तेल लावावे.

आता पिस्टन पूर्ण खाली ओढून नळी सरळ उभी धरावी आणि काठाच्या थोडे खाली राहील इतके तेल ओतावे. रॉड सावकाश वर-खाली करावा. पहिल्या काही हालचालींत पिस्टनच्या छिद्रांतून बारीक बुडबुड्यांची माळ वर येते आणि तेलाचा पृष्ठभाग पांढुरका होतो. येथे घाई करायची नाही. पिस्टन पृष्ठभागाच्या वर येऊ दिला तर तो नवी हवा खाली नेतो, म्हणून तो नेहमी तेलात बुडालेलाच ठेवावा. शॉक उभाच ठेवून पंधरा-वीस मिनिटे बाजूला ठेवावा. तेल पुन्हा आरपार दिसू लागले की हवा गेली. तेल जास्त दाट असेल तर वेळही जास्त लागतो.

ब्लॅडरच्या शॉकमध्ये तेल काठापर्यंत भरून वाटी तिरकी करून बसवावी, म्हणजे तिच्याखाली हवा अडकत नाही. टोपण दोन-तीन आटे बसवून रॉड हळूहळू आत दाबावा, जास्तीचे तेल कडेने बाहेर येऊ द्यावे आणि त्याच स्थितीत टोपण घट्ट करावे. रॉड पूर्ण आत दाबून टोपण बसवले तर सोडल्यावर तो जेमतेम बाहेर येतो. अर्धा दाबून बसवले तर निम्मा बाहेर येतो. ही स्वतःहून परतण्याची ताकद चारही शॉकमध्ये सारखी असली पाहिजे, निदान डाव्या-उजव्या जोडीत तरी. शेवटी शॉक कानाजवळ धरून दाबावा. ब्लॅडरच्या शॉकमधून ‘चुबुक चुबुक’ असा आवाज येत असेल तर आत हवा राहिली आहे. टोपण पुन्हा उघडावे.

१४. टॉवरवर आणि आर्मवर इतकी छिद्रे कशासाठी दिलेली असतात?

स्प्रिंग न बदलता चाकाला जाणवणारा कडकपणा बदलण्यासाठी. आर्मवर शॉकचे खालचे टोक जितके बाहेर, चाकाकडे, तितका शॉक चाकावर अधिक जोराने काम करतो, आणि हा परिणाम अंतराच्या वर्गाने वाढतो. आर्मच्या आतल्या सांध्यापासून चाकापर्यंतच्या लांबीच्या ६० टक्के अंतरावर शॉक उभा बसवला, तर चाकाला स्प्रिंगच्या कडकपणाचा ०.३६ इतका भाग जाणवतो. ७० टक्क्यांवर नेला तर ०.४९. म्हणजे एका छिद्राच्या बदलाने स्प्रिंग सुमारे ३६ टक्के कडक केल्यासारखे होते, आणि तेलाचा अडथळाही त्याच प्रमाणात वाढतो. जागा बदलली की उंची पुन्हा मोजावी लागते, हे अनेकजण विसरतात.

वरचे टोक आत सरकवले की शॉक अधिक तिरका होतो. सुरुवातीला तो नरम लागतो आणि दाबत गेल्यावर कडक होत जातो. ट्रक शांत, सैलसर चालतो आणि वळणाला थोडा उशिरा प्रतिसाद देतो. टोक बाहेर काढून शॉक उभा केला की प्रतिसाद झटपट मिळतो. स्प्रिंगचा खर्च करण्यापूर्वी ही छिद्रे वापरून पाहावीत. ती फुकट आहेत.

१५. ट्रकचे वागणे पाहून कोणता बदल करावा हे कसे ओळखावे?

एका वेळी एकच बदल आणि त्यानंतर त्याच वाटेवर त्याच वेगाने फेरी, हा नियम मोडला तर कशामुळे काय झाले हे कळत नाही. त्याआधी शॉक सोडवून आर्म हाताने उचलून सोडावेत. ते स्वतःच्या वजनाने खाली पडले पाहिजेत. सांध्यात माती अडकून आर्म घट्ट झाला असेल तर कुठलेही तेल ते दुरुस्त करू शकत नाही.

साधी चाचणी अशी: ट्रक साधारण ३० सेंटिमीटर उंचीवरून सपाट सोडावा. चासी जमिनीला किंचित टेकावी, ट्रक एकदाच वर यावा आणि स्थिरावा. जोरात आपटला तर तेल दाट करावे किंवा लहान छिद्रांचा पिस्टन घ्यावा. चासी जमिनीपासून खूप वर राहिली आणि ट्रक चेंडूसारखा उसळला तर स्प्रिंग जास्त कडक आहे किंवा तेल तिला आवरत नाही. पुढचा भाग आधी स्थिरावला आणि मागचा अजून हलत असेल, तर मागे पाच वेट दाट तेल घालून पाहावे.

लागोपाठच्या खड्ड्यांवर मागचा भाग डावी-उजवीकडे नाचत असेल तर मागचे तेल जास्त दाट असण्याची शक्यता मोठी आहे. चाक खड्ड्यातून वर येते पण पुढचा खड्डा येईपर्यंत खाली उतरत नाही. वळणावर ट्रक उलटत असेल तर प्रथम उंची कमी करावी, मग स्प्रिंग कडक कराव्यात किंवा अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या आर्मना जोडून ट्रकचे कलणे कमी करणारी तार) लावावा. तेलाने ही अडचण सुटत नाही. हवेत असताना ट्रकचे नाक खाली किंवा वर जात असेल तर दोष शॉकला देऊ नये. हवेत थ्रॉटल दिला की नाक वर जाते आणि ब्रेक लावला की खाली येते, हे बोटाने सांभाळायचे काम आहे.

१६. क्रॉलरसाठी हेच नियम लागू होतात का?

उंची आणि भरणीचे नियम लागू होतात, बाकीचे बहुतेक उलटतात. ट्रॅक्ससचा टीआरएक्स-४ किंवा ॲक्सियलचा एससीएक्स१० अशा ट्रकचा वेग माणसाच्या चालण्याइतका असतो, उडी नसते आणि चारही चाके वेगवेगळ्या उंचीवरील दगडांना टेकलेली राहणे हेच उद्दिष्ट असते. म्हणून स्प्रिंग नरम हवी, आणि ट्रक आपल्या वजनाने शॉकच्या चालीचा बराच भाग खाली बसलेला हवा, कारण खळग्यात उतरणाऱ्या चाकाला तेवढीच खाली जायची जागा मिळते. सह्याद्रीतील बसाल्टच्या मोठ्या, निसरड्या धोंड्यांवर हा फरक लगेच लक्षात येतो: कडक स्प्रिंगचा ट्रक तीन चाकांवर उभा राहून चौथे हवेत फिरवत बसतो.

तेल साधारण ३० वेटच्या आसपास ठेवावे. फार पातळ तेलाने उतारावर ट्रक झोके खातो, फार दाट तेलाने चाक दगडाच्या आकाराप्रमाणे बसायला वेळ घेते. लांब शॉक लावून ट्रक उंच करण्याचा मोह आवरावा. दिसायला रुबाबदार होतो, पण गुरुत्वमध्य वर गेल्याने आडव्या उतारावर तोच प्रथम कोलमडतो.

१७. शॉक सारखा गळतो. ओ-रिंग बदलूनही फरक पडला नाही, तर काय पाहावे?

रॉडवरील ओरखडा, हे पहिले. दुसरे, ओ-रिंग कशाची आहे: सिलिकॉन रबराची ओ-रिंग सिलिकॉन तेलातच फुगते, त्यामुळे माप जुळते म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून आणलेली रिंग काही दिवसांत घट्ट होऊन रॉड अडवते. नायट्राइल रबराच्या किंवा त्या शॉकच्या कंपनीच्याच रिंग घ्याव्यात. तिसरे, रॉडचा खालचा मार्गदर्शक घासून सैल झाला आहे का. रॉड बाजूला हलत असेल तर कोणतीही रिंग टिकणार नाही. रॉडवर दिसणारी तेलाची अगदी पातळ ओल म्हणजे गळती नव्हे. तेवढी असायलाच हवी.

१८. चिखलात, जांभ्याच्या धुळीत किंवा समुद्रकिनाऱ्यावर चालवल्यानंतर काय करावे?

जांभ्याची तांबडी धूळ बारीक आणि खरखरीत असते आणि ओलसर रॉडवर ती लगेच चिकटते. चालवून झाल्यावर प्रथम कोरड्या ब्रशने रॉड आणि स्प्रिंगची बैठक झाडावी, मग पुसावे. विदर्भ-मराठवाड्यातील काळी माती ओली असताना चाकाबरोबर वर येऊन स्प्रिंगच्या वेढ्यांत बसते आणि वाळली की सिमेंटसारखी होते, म्हणून ती ओली असतानाच काढावी. समुद्राची वाळू आणि खारे पाणी लागले असेल तर त्याच दिवशी ट्रक गोड्या पाण्याने धुऊन, स्प्रिंग काढून, पूर्ण वाळवावा. स्प्रिंगच्या तारेवर आणि खालच्या गोळ्याच्या सांध्यात गंज फार लवकर धरतो. उच्च दाबाच्या पाण्याचा फवारा रॉडच्या सीलवर थेट मारू नये, कारण वाळू त्यानेच आत जाते. अशा प्रत्येक फेरीनंतर निदान मागच्या एका शॉकचे टोपण उघडून तेल पाहावे, आणि ते गढूळ दिसले तर चारही शॉक पुन्हा भरावेत.